मानपत्राची रिकामी चौकट

१

रविवारी सकाळी नऊ वाजता गंगाराम नेरूरकरांनी हॉलमधलं मंडळाचं कपाट उघडलं आणि आतली चौकट बाहेर काढली.

चौकट होती. काच होती. मागचा पुठ्ठाही होता. मधलं मानपत्र तेवढं गायब!

संध्याकाळी पाच वाजता, वाशीच्या त्याच हॉलमध्ये, विजयमालाबाईंना उत्तररंग मंडळाचा जीवनगौरव द्यायचा होता. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी रंगभूमी गाजवली, पण आजवर कुणी साधा नारळ हातावर ठेवला नव्हता. अखेर १९९६च्या जानेवारीत या नव्या शहरातल्या मंडळाला त्यांची आठवण झाली. आठवण झाली म्हणजे गंगारामांनी करून दिली! वर्षभर त्यांनी सेक्रेटरीचं डोकं खाल्लं होतं.

गंगाराम कोण? तर बाईंच्या नाटक कंपनीतले प्रॉम्प्टर. वही मांडीवर घेऊन विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पडद्याआड बसायचं आणि नट अडखळला की हळूच पुढचं वाक्य द्यायचं. प्रेक्षकांना चेहरा दिसायचा नाही की आवाज ऐकू जायचा नाही. मानपत्राचा मजकूरही त्यांनीच लिहिलेला. खाली नाव मात्र मंडळाचं. बोनकोड्याच्या निशांत नावाच्या चित्रकाराने तो जाड कागदावर सुंदर अक्षरात उतरवला होता.

मंडळाचे सेक्रेटरी जयप्रकाश हे बँकेतले अधिकारी. त्यांनी रिकामी चौकट पाहिली आणि घाम पुसला.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते नेरूरकर?"

"माझ्याकडे."

"दुसरी?"

"एकच आहे."

"कुलूप फोडलंय?"

"नाही."

जयप्रकाशांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, मी काही बोलत नाही, पण कमिटी बोलणार. बाईंना शाल, श्रीफळ, सगळं. आणि तुम्हाला आपण साधं स्टेजवरसुद्धा बोलावलं नाही. माणसाच्या मनात येऊ शकतं ना?"

गंगारामांच्या कानशिलांत जाळ झाला. उभ्या जन्मात कंपनीची टाचणीसुद्धा त्यांनी घरी नेली नव्हती.

"पाचपर्यंत मानपत्र मिळालं नाही," जयप्रकाश म्हणाले, "तर किल्ली कुणाकडे होती ते मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

म्हणजे आठ तास. ज्या हॉलमध्ये बाईंचा गौरव व्हायचा, त्याच हॉलमध्ये गंगाराम चोर ठरायचे.

२

जयप्रकाश फोन करायला गेले आणि गंगाराम कपाटासमोर मांडी घालून बसले. पोलिसी काम त्यांना येत नव्हतं. त्यांना एकच काम येत होतं: मान खाली घालून सगळं बघायचं.

पहिली गोष्ट. चौकटीमागचे चारही खिळे कुणीतरी अलगद काढून कपाटाशेजारच्या नटराजाच्या मूर्तीपुढच्या वाटीत ठेवले होते. वर शेवंतीचं फूल वाहिलं होतं. चोर भलताच भाविक!

दुसरी गोष्ट. हॉलचं स्टेज म्हणजे मांडीइतका उंच सिमेंटचा कट्टा, आणि कपाट त्या कट्ट्यावर. कार्यक्रमासाठी वॉचमन भैरूने काल संध्याकाळी पाच वाजता कट्ट्याच्या कडेला गेरू फासला होता. त्या ओल्या गेरूत चार बोटं उमटली होती. नाटकातला माणूस रंगमंचावर पाय टाकण्याआधी त्याला हात लावतो आणि तोच हात कपाळाला लावतो. म्हणजे चोर नाटकातलाच.

तिसरी गोष्ट मात्र त्यांना चमत्कारिक वाटली. कट्ट्याच्या पायऱ्या उजवीकडे, आणि बोटं उमटली होती डावीकडे. तिथे कट्ट्याला चिकटून एक लोखंडी खुर्ची ठेवलेली. सरळ पायऱ्या सोडून खुर्चीवरून कसरत करत कोण चढेल?

जयप्रकाश परत आले तेव्हा गंगारामांनी विचारलं, "मानपत्र काल शेवटचं कुणी कुणी पाहिलं?"

"दुपारी मीच बाईंच्या घरी नेलं होतं, वाचून दाखवायला. अहो, ढसाढसा रडल्या. वर म्हणतात कशा, त्यातली कौतुकाची एक ओळ काढा! मी म्हटलं, आता चौकट झाली बाई. मोठ्या माणसांचा विनय बघा. मग चार वाजता आणून तुमच्याच हातात दिलं. तुम्हीच कुलूप लावलंत."

ते खरं होतं. कुलूप लावून गंगाराम घरी गेले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पाचला हार-नारळ आणायला बाजारात गेले ते सातला परतले.

ते बाहेर आले. भैरू गेटाशी तंबाखू मळत बसला होता.

"भैरू, काल संध्याकाळी इथून कोण गेलं रे?"

"मी मधी घटकाभर च्याला गेलतो. आल्यावर साडेसहाला त्ये नट न्हाईत का, मिशीवालं, उदयसिंहराव? त्ये गेलं की. काखंत ही एवढी कागदाची गुंडाळी व्हती. घाईनं रिक्षात बसलं, माझ्याकडं बघितलं बी न्हाई."

३

उदयसिंह म्हणजे बाईंसमोर वीस वर्षं नायक म्हणून उभे राहिलेले नट. मूळचे कोल्हापूरकडचे, आता वाशीत मुलाकडे राहायचे. सत्तरी आली तरी मिशीला पीळ कायम. पुरस्कार जाहीर झाला त्या दिवशी भर सभेत म्हणाले होते, "विजयमालेला गौरव! आणि मी काय पडदा ओढायला होतो काय?"

"ये गंगाराम, च्या घे," त्यांनी स्वागत केलं.

"उदयसिंहराव, काल तुमच्या काखेत काय होतं?"

"कुठं? हां, त्ये! कॅलेंडर."

"दोन हात रुंद कॅलेंडर?"

"डोळं गेलं न्हवं माझं. आकडं मोठं लागत्यात."

गंगारामांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर तळहाताएवढं कॅलेंडर लटकत होतं, तेही मागच्या वर्षीचं. उदयसिंहांनी पाहिलं आणि ते मिशीला पीळ देऊ लागले. रंगमंचावर खोटं बोलायला या माणसाला कधी कष्ट पडले नाहीत. घरात मात्र अगदीच कच्चा.

"बाईंचं मानपत्र चोरीला गेलंय," गंगाराम म्हणाले.

"आरारारा! वाईट झालं." चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"आणि आळ माझ्यावर आलाय. पाच वाजता जयप्रकाश सगळ्यांसमोर माझं नाव घेणार."

उदयसिंहांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. चहा धोतरावर सांडला तरी त्यांना पत्ता नव्हता.

"तुझ्यावर? तुझ्यावर कसा काय? ह्ये काय ध्यानात आलं न्हाई..." ते तटकन उठले. "बस तू. मी आलोच."

आतल्या खोलीतून फोन फिरवल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात, "आगं, भलतंच झालंय..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण दार लागलं. गंगारामांनी ओळखलं, चोर एकटा नाही.

४

बोनकोड्याला निशांतच्या खोलीवर पोचेपर्यंत साडेअकरा झाले. पोरगा गुणी. वय तिशीच्या आत, पण अक्षर असं की बघत राहावं. दार उघडताच तो दचकला आणि दारातच आडवा उभा राहिला.

"काका तुम्ही? मी जरा बिझी होतो."

"मानपत्र गेलं रे. पाचपर्यंत दुसरं लिहून देशील?"

"अख्खं? इम्पॉसिबल. दोन दिवस लागतात. पण तुम्ही टेन्शन नका घेऊ."

टेन्शन नका घेऊ! मानपत्र गेल्याचं ऐकून ज्याने कपाळावर हात मारायचा, तोच धीर देत होता. गंगारामांनी नेहमीप्रमाणे मान खाली घातली. निशांतची बोटं काळ्या शाईने माखली होती. मानपत्राचं काम गुरुवारीच संपलेलं. त्याच्या मागे टेबलावर दाढीचं अर्धं पातं होतं आणि पात्याभोवती कागदाचा पांढरा भुगा. आणि जानेवारीच्या थंडीत आतल्या खोलीत पंखा फुल स्पीडवर!

"आत काय सुकतंय?"

"बोर्ड आहे एका दुकानाचा," निशांत म्हणाला आणि त्याने दार ओढून घेतलं.

जाड कागदावरची शाई काढायची तर ती पात्याने हळूहळू खरवडावी लागते, हे गंगारामांना माहीत होतं. रस्त्यावर येताच त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. मानपत्र आत आहे. ते फाडलेलं नाही, जाळलेलं नाही. त्यातलं काहीतरी खरवडून तिथे दुसरंच लिहिलं गेलंय!

आणि लिहायला सांगणारा उदयसिंह. भर सभेत जळफळाट करणारा उदयसिंह! आज शेकडो लोकांसमोर बाईंचं मानपत्र वाचलं जाईल आणि त्यात काय निघेल, देव जाणे. गंगारामांना क्षणभर स्वतःवरच्या आळाचाही विसर पडला. बाईंच्या आयुष्यातला हा एकच दिवस, तोही कुणी नासवणार?

५

घरात शिरले तो तुपाचा घमघमाट. बायको शालन रवा भाजत होती.

"अगं, नवऱ्यावर चोरीचा आळ आलाय! सकाळी फोनवर सांगितलं ना तुला?"

"सांगितलं की."

"आणि तू शिरा करतेस?"

"मग काय उपाशी ऱ्हायचं?" शालन साताऱ्याकडची, घाबरायचं ठाऊक नव्हतं. पण ती पाठमोरीच बोलत होती, हे गंगारामांच्या नजरेतून सुटलं नाही.

त्यांनी कपाळाला हात लावून खिशातली किल्ली समोर टाकली. मानपत्राचा मजकूर त्यांना तोंडपाठ होता. ते एकेक वाक्य पुटपुटू लागले. जन्मगाव, बरोबर. पहिली भूमिका, बरोबर. 'तिसऱ्या अंकातली त्यांची ती बोलकी शांतता', बरोबर. 'चाळीस वर्षांत त्यांना एकदाही प्रॉम्प्टरच्या आधाराची गरज पडली नाही', बरोबर. पुढे आशीर्वाद, शुभेच्छा. खरवडण्यासारखं काय होतं त्यात?

पुटपुटता पुटपुटता त्यांची नजर किल्लीवर गेली. किल्लीचा पांढरा दोरा लालसर झाला होता.

गेरू!

भैरूने गेरू लावला पाच वाजता. गंगाराम कुलूप लावून निघाले चारला, आणि आज सकाळी त्यांनी गेरूला हातसुद्धा लावला नव्हता. म्हणजे खिळ्यावर टांगलेली किल्ली मधल्या वेळात हॉलवर जाऊन परत आली होती. आणि तेव्हा घरात एकच माणूस होतं.

"शालन, काल मी बाजारात गेल्यावर कोण आलं होतं?"

रवा करपायला आला तरी शालन ढवळत राहिली. शेवटी म्हणाली, "मला इचारू नगा. मला शपथ घातलीया."

"कुणी?"

शालनने कढई खाली उतरवली. पण आता तिच्या उत्तराची गरजच उरली नव्हती. ती लोखंडी खुर्ची गंगारामांच्या डोळ्यांसमोर आली. कट्ट्याची डावी बाजू. ते स्वतः चाळीस वर्षं डाव्या विंगेतच बसायचे. पायऱ्या कुठेही असोत, दिग्दर्शक काहीही सांगो, एक नटी कायम डाव्या विंगेतूनच एन्ट्री घ्यायची. आत जाता जाता प्रॉम्प्टरकडे एकदा बघितल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडायचं नाही. गुडघे दुखत असले तरी ती डावीकडूनच चढणार!

कौतुकाची एक ओळ काढा, असं म्हणणारीही तीच. आणि ती ओळ गंगारामांनी आत्ताच 'बरोबर' म्हणून सोडून दिली होती.

"अरे देवा," ते म्हणाले आणि चपला घालून धावत सुटले.

६

कोपरखैरण्याच्या घरी विजयमालाबाई अंबाडा घालून तयार बसल्या होत्या. गंगारामांना पाहताच म्हणाल्या, "आलास? उदयसिंहाचा फोन आला तेव्हाच म्हटलं, आता हा शोधणार. आधी माफ कर मला. तुझ्यावर आळ येईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मला वाटलं, गेलं म्हणतील, शोधतील, पाचला सापडेल."

"बाई, शालनकडून किल्ली तुम्ही नेलीत. गुंडाळी उदयसिंहरावांनी नेली. त्यांचं ते जळणं..."

"कसलं जळणं? पंचवीस वर्षं चिडवतोय तो मला."

"आणि निशांतने ती ओळ खरवडली."

"सगळं ओळखलंस. का ते ओळखलंस?"

गंगारामांनी मान खाली घातली. ओळखलं होतं.

१९५० सालची गोष्ट, दोघांचं कंपनीतलं पहिलंच वर्ष. साताऱ्याचा प्रयोग. मध्यंतरात तार आली, बाईंची आई गेली. हाउसफुल थिएटर, प्रयोग थांबवता येईना. तिसऱ्या अंकात बाई उभ्या राहिल्या आणि एक शब्द आठवेना. गंगारामांनी विंगेतून एकेक वाक्य दिलं. बाई थांबायच्या, ऐकायच्या, बोलायच्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्या थांबण्याची तोंडभर स्तुती केली. 'बोलकी शांतता' हा शब्द तेव्हाचा. पुढे बाईंच्या मनात विसरण्याची भीती जी बसली ती बसलीच. रोज त्या थांबायच्या, रोज गंगाराम वाक्य द्यायचे, रोज टाळ्या पडायच्या. हे दोघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

"एकदाही गरज पडली नाही?" बाईंनी विचारलं. "हे तू लिहिलंस गंगाराम? तुझ्या हाताने?"

"प्रॉम्प्टर ऐकू आला तर तो प्रॉम्प्टर कसला, बाई? तुमची कीर्ती ती. शेवटच्या दिवशी कशाला उघडी पाडायची? हात जोडतो, जुनी ओळ राहू द्या. चोर म्हणू देत मला."

"मी जयप्रकाशला सांगितलं, ओळ काढा. तो हसला. तुला सांगितलं असतं तर तू पायाच पडला असतास. म्हणून चोरी केली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी!" बाईंनी डोळे पुसले आणि एकदम पूर्वीसारख्या कडक झाल्या. "नवी ओळ मी सांगणार नाही. आजवर माझं प्रत्येक वाक्य तुला आधी ठाऊक असायचं. आज नाही. जा, अंघोळ करून ये."

७

पाच वाजता हॉल भरला. पहिल्या रांगेत उदयसिंह आणि शालन शेजारी शेजारी बसले होते, एकमेकांकडे न बघता. बाई आल्या, सरळ जयप्रकाशांसमोर उभ्या राहिल्या आणि माइकवर म्हणाल्या, "मानपत्र मी चोरलं होतं. किल्ली मी पळवली. ज्यांनी गंगारामचं नाव घेतलं असेल त्यांनी त्याची माफी मागावी." हॉलमध्ये हशा झाला. जयप्रकाश मात्र हसले नाहीत. त्यांनी खरोखर पुढे होऊन गंगारामांचे दोन्ही हात धरले.

मग निशांतने पुन्हा चौकटीत बसवून आणलेलं मानपत्र ते वाचू लागले. गंगाराम सवयीने डावीकडच्या पडद्याआड उभे होते. ओठ हलत होते, कारण मजकूर पाठ होता. बोलकी शांतता आली. आणि पुढे जयप्रकाशांनी वाचलं:

"या शांततेत रोज एक आवाज असे, जो प्रेक्षकांना कधी ऐकू आला नाही. तो गंगाराम नेरूरकरांचा. चाळीस वर्षांत असा एकही प्रयोग झाला नाही, ज्यात विजयमालाबाईंना त्याची गरज पडली नाही."

गंगारामांचे ओठ थांबले.

शाल झाली, श्रीफळ झालं, बाई बोलायला उभ्या राहिल्या. "रसिकहो," म्हणाल्या आणि थांबल्या. लोकांनी ती जुनी शांतता ओळखली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी हात वर केला.

"टाळ्या नका वाजवू. मी विसरलेय." त्यांनी डावीकडे पाहिलं. "गंगाराम, वाक्य दे."

गंगारामांच्या हातात आज वही नव्हती. पण हाक आली की वाक्य द्यायचं, एवढंच त्यांना आयुष्यभर ठाऊक. ते कुजबुजले, "मी तुमची ऋणी आहे."

"ऐकू येत नाही. बाहेर येऊन दे."

गंगाराम वाकले, कट्ट्याला हात लावला, कपाळाला लावला. बोटांना लागलेला गेरू कपाळावर उमटला. मग ते उजेडात आले. पहिल्यांदाच. डोळे दिपले, समोर किती माणसं आहेत ते दिसेना.

"मी तुमची ऋणी आहे," त्यांनी मोठ्याने सांगितलं.

बाईंनी प्रेक्षकांकडे पाठ केली. खांद्यावरची शाल काढली, गंगारामांच्या खांद्यांवर घातली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाल्या, "मी तुझी ऋणी आहे, गंगाराम."

लोक उभे राहिले. सगळ्यात आधी उदयसिंह. गंगाराम मात्र जागच्या जागी. हात कुठे ठेवायचे, काय बोलायचं, काही सुचेना. पुढचं वाक्यच नव्हतं त्यांच्याकडे.

तेव्हा पहिल्या रांगेतून शालन कुजबुजली. कुजबुज कसली, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेली.

"अवो, नमस्कार करा की!"

गंगारामांनी हात जोडले.